माझ्या बाहीतली माया

मित्रांनो, मी मोटारसायकलवर घालायचं एक जुनं जाकीट आहे. जुनं म्हणताना माझी मान खाली जात नाही. एक तर मला मान नाही, नुसती कॉलर आहे. आणि दुसरं म्हणजे असं म्हातारपण शंभरातल्या एखाद्याच कपड्याच्या नशिबी येतं. मी छातीवर उभा कापला गेलो आहे. उजव्या कोपरावर घासून घासून पांढरा पडलो आहे. तरीही एका शिंप्याच्या दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी दिसेन असा, मी खुंटीवर दिमाखात टांगलेला असतो. खालच्या फळीवरचे नवेकोरे कपडे माझ्याकडे बघून मनातल्या मनात जळत असणार. जळोत बापडे!

माझा जन्म एका रुसव्यातून झाला. या शिंप्याची धाकटी मुलगी दुकानांच्या पाट्या रंगवते. अक्षर असं, की रस्त्याने जाणारा माणूस काही घ्यायचं नसतानाही थांबून पाटी वाचतो. त्यातही तिची वेलांटी प्रसिद्ध. ब्रश एकदा टेकला की मध्ये न उचलता, एका दमात, वरून गोल फिरून खाली येते. ती सांगते की वेलांटी मनगटातून काढली तर थरथरते, ती कोपरातून निघावी लागते. रंगाचे डबे आणि ब्रशांची पेटी घेऊन तिला रोज कुठे कुठे जावं लागे, म्हणून तिने मोटारसायकल घेतली. मग हेल्मेट आलं, हातमोजे आले, आणि जाकीट आणायला ती दुकानात गेली. तिथली सगळी जाकिटं दांडग्या पुरुषांच्या मापाची. त्यातल्या त्यात लहान बघून तिने एक आणलं, तर त्याचे खांदे तिच्या दंडावर लोंबायला लागले.

बाबांनी ते पाहिलं आणि ते रुसून बसले. "घरात शिंपी, आणि पोरगी तयार कपडा आणते. लोक काय म्हणतील, बापाच्या हाताला लकवा झाला?"

ते जाकीट परत गेलं आणि मशीनवर मी आलो. माझ्या बाह्या जाड चामड्याच्या, अंग दुहेरी कॅनव्हासचं. खांद्यांना, कोपरांना आणि पाठीला आतून खिसे, आणि त्यांत आपटल्यावर मार झेलणारे जाड पॅड. शिवण तीनपदरी, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याची. सुया मोडल्या, मशीन कुरकुरलं, बाबाही कुरकुरले, पण माझ्या शिवणीत एक टाका वाकडा पडला असेल तर शपथ.

आता तुम्हाला शिंप्यांचा एक शब्द सांगतो. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात. पुढे माणूस अंगाने सुटला तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा, म्हणून. या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर माया ठेवतात. आमचे बाबा हात सैल सोडून ठेवतात. त्यांनी शिवलेला सदरा माणसाचं पोट पुढे आल्यावर पुन्हा त्यांच्याकडे येतो आणि पोटासकट त्याला सामावून घेतो. कपडा कसा वाढत्या अंगाचा हवा, असं त्यांचं मत. त्याच हिशेबाने त्यांनी मलाही ऐसपैस शिवलं.

धाकटीने मला अंगात घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. "बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे. आता आणखी कुठे वाढणार?"

"आत स्वेटर घालशील."

"आणि उन्हाळ्यात?"

"हवा खेळती राहील."

बाबांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. ते चुकलं होतं, हे कळायला एक छोटी आपटी खावी लागली.

झालं असं, की पेट्रोल पंपाच्या तोंडाशी कुणाच्या तरी गाडीतून तेल सांडलं होतं. धाकटी अगदी हळू वळत होती. पुढचं चाक घसरलं आणि ती गाडीसकट आडवी झाली. पडणं म्हणजे अगदी नावापुरतं. पण मी पडलो सैल. जमिनीला टेकताच माझी बाही अंगावर फिरली, कोपर राहिलं एकीकडे आणि पॅड गेलं दुसरीकडे. चामडं वर सरकलं आणि तिचं कोपर सोलवटलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर बाबांनी मलम लावलं.

"पॅड कोपरावर घट्ट बसायला हवं, बाबा," धाकटी म्हणाली. "हे आपलं माझं कोपर शोधत फिरत होतं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या बाबांनी मला मशीनसमोर घेतलं. तिला माझ्यात उभं करून, टाचण्या लावून, त्यांनी मला दोन्ही अंगांनी आत घेतलं. कंबरेची जादा माया कापून टाकली. पाठीची कापली. कापताना चेहरा असा, की जणू कुणी त्यांचे दात उपटतंय. बाह्यांपाशी आले आणि कात्री थांबली. मग त्यांनी कात्री खाली ठेवली, जादा चामडं कापण्याऐवजी दुमडून कोपरावर घेतलं आणि पॅडच्या वरून सपाट शिवून टाकलं. बाही बाहेरून चांगली घट्ट झाली, आणि कोपरावर चामड्याचे दोन पदर जास्त आले.

"कापून का नाही टाकलंत?" धाकटीने विचारलं.

"असू दे," बाबा म्हणाले. "माया कधी वाया जात नाही."

तेव्हा ती हसली होती. मीही हसलो असतो, पण मशीनखाली होतो.

मग माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. मी तिच्याबरोबर औषधांच्या दुकानांच्या, गॅरेजांच्या, शाळांच्या दारांत गेलो. माझ्यावर निळ्या, पिवळ्या, लाल रंगाचे शिंतोडे उडाले. लोक विचारत, "जाकीट कुठून घेतलं?" आणि ती म्हणे, "विकत मिळत नाही." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल आणि शंभर वेळा माझी छाती फुगली.

पण कौतुकाला उन्हाची दृष्ट लागते. उकाडा वाढला तसा मी तिला जड होऊ लागलो. लांबच्या कामाला ती मला न्यायची. जवळ जायचं असलं की मी खुर्चीच्या पाठीवर. "इथल्या इथे तर जायचंय" हे तिचं आवडतं वाक्य झालं. पडायचं असेल तर आधी लांब जावं लागतं, असं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. हेल्मेटसुद्धा कधीकधी डोक्याऐवजी तिच्या कोपरात अडकवलेलं असायचं. मी खुर्चीवरून बघायचो. कपड्याला तोंड नसतं, हे किती वाईट, ते मला त्या दिवसांत समजलं.

एका दुपारी जवळच्याच चौकातल्या एका बेकरीची पाटी रंगवायची होती. तिने हेल्मेट घेतलं, हातमोजे घेतले आणि मला तसंच ठेवून निघाली. बाबा मशीनवरून उठले. त्यांनी मला उचललं, दारात जाऊन उभे राहिले आणि पाहुण्याला कोट चढवतात तसं मला दोन्ही हातांनी उघडून धरलं. रागावले नाहीत, समजावलं नाही. नुसते उभे.

"बाबा, दोन वळणं आहेत फक्त."

बाबा हलले नाहीत. दार अरुंद होतं. बाहेर पडायचं तर माझ्यातूनच पडावं लागणार होतं. तिने चडफडत एक हात घातला, मग दुसरा. बाबांनी गळ्यापर्यंत चेन ओढली आणि बाजूला झाले.

पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाआधी एका फाटकातून एक मोटार मागे न बघता उलटी रस्त्यावर आली. धाकटीने ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं उजव्या अंगावर पडलो. तो रस्ता नुकताच खडी टाकून खरबरीत केलेला होता. त्यावरून आम्ही घसरत गेलो. हेल्मेटने डोकं सांभाळलं, हातमोज्यांनी तळवे सांभाळले, आणि सगळा भार टेकला माझ्या उजव्या कोपरावर. पहिला पदर लगेच गेला. दुसरा गेला. तिसरा कुरतडायला लागला. मित्रांनो, मी तेव्हा घाबरलो होतो हे कबूल करतो. पण या वेळी बाही फिरली नाही. पॅड होतं तिथेच राहिलं. मग आम्ही थांबलो. तिसरा पदर अर्धा उरला होता.

दवाखान्यात तिला हात हलवता येईना, म्हणून नर्सने मला कापायला घेतलं. छातीवर कात्री सरळ चालली, पण खांद्याच्या तीनपदरी शिवणीवर येऊन अडली. नर्सने दुसरी कात्री मागवली.

"कुणी शिवलंय हे?" ती पुटपुटली. "माणूस बाहेर काढायचाय का आत ठेवायचाय?"

पडल्या पडल्या धाकटी म्हणाली, "माझे वडील." आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात जी ऐट होती, तिच्यासाठी मी आणखी दहा वेळा कापला जायला तयार आहे.

बाबा धापा टाकत आले तेव्हा डॉक्टर बाहेर येत होते. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "तिला वेलांटी काढता येईल का?"

डॉक्टर गोंधळले. बाबांनी हवेत कोपरातून हात फिरवून दाखवला, वरून गोल, खाली. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं.

"कॉलरबोन मोडलंय, ते जुळेल," ते म्हणाले. "गुडघ्याला टाके घालावे लागले, तिथे नुसती पातळ विजार होती ना. कोपर मात्र शाबूत आहे. साधं खरचटलेलंही नाही. अशा रस्त्यावर हे कोपर उघडं असतं, तर मी तुम्हाला वेगळं काहीतरी सांगत असतो."

बाबा बाकावर बसले. मला पिशवीत भरून त्यांच्या मांडीवर दिलं होतं. त्यांनी मला बाहेर काढलं आणि शिवणींवरून अंगठा फिरवत गेले. खांदा, काख, बाही, मनगट. कापलं होतं ते कात्रीने. घासलं होतं ते खडीने. उसवलं कुठेच नव्हतं. मग त्यांनी माझ्या कोपरावर कपाळ टेकवलं आणि ते रडले. मी आयुष्यभर घाम पुसला होता. त्या दिवशी डोळे पुसले.

पुढचे काही महिने मी पिशवीतच होतो, कपाटाच्या माथ्यावर. माझी कुणाला आठवण नव्हती आणि मला त्याचा राग नव्हता. खाली धाकटी गळ्यात अडकवलेला हात हळूहळू मोकळा करत होती, रोज व्यायाम करत होती, रोज वैतागत होती. पिशवीच्या फटीतून मला भिंतीवर टेकवलेली एक फळी दिसायची. तिच्यावर ती ब्रशने रेघा ओढायची. आधी रेघा खांद्याच्या दुखण्यापाशी तुटायच्या. मग लांबल्या. एके दिवशी ब्रश टेकला, वरून गोल फिरला आणि न थरथरता खाली आला. बाबा मशीन थांबवून बघत होते. "हं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा मशीन सुरू केलं. त्यानंतर त्यांनी शिवलेल्या सदऱ्याची एक बाही उलटी लागली, हे गुपित फक्त मला माहीत आहे.

आणि मग आले थोरलीचे यजमान, म्हणजे आमचे जावई. त्यांचीही मोटारसायकल. अंगात बिनबाह्यांचा टीशर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, तेवढंच काय ते संरक्षण. काहीतरी शोधताना त्यांनी कपाट उघडलं, वरून पिशवी पडली आणि मी बाहेर आलो.

"अहो बाबा, एवढं चांगलं जाकीट पडून का आहे?" ते म्हणाले. "पुढून तर फाटलंय. जरा शिवून द्या आणि बाजूंनी सैल करा, मला होईल की."

घरात जावयाचा शब्द म्हणजे काय, हे तुम्ही जाणताच. शिवाय या दुकानाची ख्याती अशी, की फाटलेलं काहीही आणा, बाबा नाही म्हणत नाहीत. छत्र्या शिवल्या, तंबू शिवले, एकदा तर कुणाच्या कुत्र्याचं अंथरूणही शिवलं. बाबांनी मला मेजावर पसरलं. सुईत दोरा ओवला. माझ्या कापलेल्या कडा जुळवून बघितल्या, त्या छान जुळत होत्या. मलाही मोह झाला. पुन्हा रस्ता, पुन्हा वारा!

बाबांनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवली.

"हे मी शिवणार नाही."

धाकटीने ब्रश खाली ठेवला. जावयांनी चष्मा काढला.

"एवढंसं तर काम आहे, बाबा."

"काम एवढंसंच आहे," बाबा म्हणाले. त्यांनी माझी उजवी बाही उलटी करून जावयांचा अंगठा कोपरावर टेकवला. तिथे चामडं कागदासारखं झालं होतं आणि आतलं पॅड चेपून तडकलं होतं. "हे बघा. याच्या वाट्याचं पडणं याने पडून घेतलंय. बाहेरून शिवलं तर नव्यासारखं दिसेल, आणि तुम्ही त्याच्यावर विसंबाल. तुमच्या वाट्याचं यात काही शिल्लक नाही, जावईबापू."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. "उभे राहा. हात पसरा."

जावई मुकाट्याने उभे राहिले. बाबांनी माप घेतलं, या वेळी अगदी अंगासरसं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणीतरी खुर्चीवर पडलेलं असेल. त्याला 'इथल्या इथे' जातानाही बरोबर न्या. आणि एकदा जोरात पडलेलं हेल्मेट, घासलेलं जाकीट कितीही चांगलं दिसलं तरी पुन्हा अंगावर घेऊ नका, कुणाला देऊही नका. त्याला सन्मानाने खुंटीवर टांगा. मला खुंटी मिळाली ती त्याच दिवशी. आमच्या शिंप्याने आयुष्यात कधी कुठल्या फाटक्या कपड्याला परत पाठवलं नाही. त्याने नाही म्हटलं ते फक्त मला, आणि जगातल्या कुठल्याच कपड्याचा कुणी इतका मोठा मान केला नसेल.