निघणाऱ्या दांड्या

जपानमधल्या आमच्या साबाए गावात चष्मा कधी एका घरात जन्माला येत नाही. एका घरी पुढची चौकट होते, दुसऱ्या घरी बिजागऱ्या, कुणाकडे नुसती झिलई. आमच्या घरी दांड्या. सासऱ्यांनी दांड्याच केल्या, त्यांच्या वडिलांनीही दांड्याच केल्या, आणि आमचे हे, म्हणजे मुरानाका तोकुजी, झोपेतसुद्धा दांड्या वाकवत असतात. दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही, हा आमच्या गल्लीचा धर्म. माझं माहेर कालव्यापलीकडे, तिथे चौकटी होतात. त्यामुळे आमचं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, चला, एक चष्मा पुरा झाला.

ह्यांना दोनच नाद. एक दांड्या आणि दुसरा केंदो. डोक्याला पंचा बांधायचा, त्यावर लोखंडी जाळीचा जड मुखवटा चढवायचा, हातात बांबूची तलवार घ्यायची आणि किंचाळत एकमेकांच्या टाळक्यावर धावून जायचं. ह्या वयात! पण मी कधी अडवलं नाही. तालमीला जातात तेवढा वेळ माझ्या मुरवलेल्या मुळ्यात मीठ जास्त झालंय का, हे सांगायला घरात कुणी नसतं.

अडचण एकच. ह्यांना चष्म्याशिवाय ओ की ठो दिसत नाही, आणि मुखवट्यात चष्मा घातला की दांड्या कानशिलात रुतून डोकं ठणकतं. गावभर ज्यांच्या दांड्यांचं कौतुक, त्यांनाच त्या दांड्या टोचणार! म्हणून हे चष्मा काढून, आंधळ्यासारखे लढायचे. एकदा तालमीत खांबाला वाकून नमस्कार करून त्याच्याशीच लढायला उभे राहिले होते. विचारलं तर म्हणाले, "मी मनाच्या डोळ्यांनी बघतो." मनाच्या डोळ्यांचा नंबर काय आहे, ते मी विचारलं नाही.

दर शरद ऋतूत आमचा सामना सुऱ्या बनवणाऱ्या शेजारच्या गावाशी होतो. शेवटची लढत दोन्ही कप्तानांची. आमचे कप्तान हे आणि त्यांचे कप्तान हासेबे, ते सुऱ्यांना धार लावतात. ही लढत वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेने व्हायची. दोघे ओरडायचे, धावायचे, हवेला मारायचे, एकमेकांना ओलांडून पुढे जायचे, वळायचे आणि पुन्हा हवेला मारायचे. कुणाला कधी काही लागायचं नाही. लढत बरोबरीत सुटायची. प्रेक्षक माना डोलवायचे. "काय संयम आहे! एवढी वर्षं साधना केल्याशिवाय असा वार चुकवता येत नाही," असं लोक म्हणायचे.

यंदा तालमीची सूत्रं ऊनोबाईंकडे आली. ऊनोबाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे संयमाचं त्यांना काही कौतुक नाही. त्यांनी सरळ सांगितलं, "मुरानाकाकाका, बरोबरी पुरे झाली. ह्या वेळी जिंका, नाहीतर पुढच्या वर्षीपासून कप्तान दुसरा."

हे घरी आले आणि जेवलेच नाहीत. समोर तळलेल्या कटलेटचा भात ठेवला होता, वर दाट सॉस, तो तसाच गार झाला. मला राग यायला हवा होता, पण मी गुपचूप त्यावर झाकण ठेवलं. ह्या माणसाला मी आजवर भात टाकताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ र्योसाकू आला. "दाजी, चष्मा घालून लढा ना."

"दांड्या रुततात."

"बाजारात मागे पट्टा असलेले मिळतात की."

"दुसऱ्या गावचा चष्मा लावून मी साबाएचा कप्तान म्हणून उभा राहू? त्यापेक्षा मी खांबाशी लढेन."

"मग लेन्स?"

मीच हात जोडले. लेन्सचा प्रयोग होऊन गेला होता. एक लेन्स बसवताना ह्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि दुसरी आठवड्याने मला मुळ्याच्या बरणीत सापडली होती.

र्योसाकूने खिशातून चित्र काढलं. चष्मा नेहमीसारखाच, पण दांड्या झटकन निघणाऱ्या. चौकटीच्या वर एक छोटा चिमटा. डोक्याला पंचा बांधला की चिमटा पंच्याच्या घडीत अडकवायचा, दांड्या काढून ठेवायच्या आणि वरून मुखवटा चढवायचा. लढत संपली की दांड्या परत लावायच्या. "चौकट मी करतो," तो म्हणाला. "दांड्या तेवढ्या तुम्ही करा."

ह्यांचा चेहरा असा झाला की कुणीतरी सासऱ्यांच्या फोटोवर थुंकलं असावं. "माझ्या दांड्या काढून ठेवायच्या? आणि तुझी चौकट मात्र आत, मानाने नाकावर?"

"अहो दाजी, मानाचा काय संबंध?"

"तीन पिढ्या आम्ही न निघणाऱ्या दांड्या केल्या. लोक भूकंपात घर सोडून पळाले, पण दांडी निघाली नाही. आणि तू मला निघणारी दांडी करायला सांगतोस? तुझ्या चौकटीच्या काचा निघणाऱ्या कर की!"

र्योसाकू जाऊन गल्लीतल्या दुसऱ्या दांडीवाल्याकडे विचारून आला. त्याने चहा पाजला आणि नाही म्हणाला. मुरानाकांच्या चष्म्याला दुसऱ्याची दांडी कशी लावणार? गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणजे झक मारत ह्यांनाच करणं भाग होतं.

शेवटी ह्यांनी केल्या. केल्या कसल्या, सूड घेतला. र्योसाकूला बोलावून चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "ओढ."

र्योसाकूने दांडी ओढली. दांडी आली नाही, तिच्यासकट हेच चटईवरून उठून आले.

"निघाली?" ह्यांनी छाती फुगवून विचारलं.

"नाही."

"बघ!"

"अहो, निघायलाच हवी होती ती!" र्योसाकू रडवेला झाला.

मग मी बोलले. मग हे चिडले. मग चिडून दुसरी जोडी केली, ती इतकी सैल की नुसतं बघितलं तरी निघेल. त्याच रविवारी देवळात श्राद्ध होतं. आमच्याकडे माणूस भेटला की वाकायचं, निघताना वाकायचं, फोनवर बोलतानाही वाकायचं. हे भिक्षूंपुढे वाकले आणि चौकट सुटून थेट उदबत्तीच्या राखेत पडली. कानांवर दोन्ही दांड्या मात्र ताठ उभ्या. सगळे तोंड दाबून हसत होते. भिक्षूंनी मंत्र म्हणता म्हणता खोकल्याचं निमित्त केलं.

"माझ्या दांड्या पडल्या का?" घरी येताना हे म्हणाले. "नाही पडल्या. पडली ती तुझ्या भावाची चौकट."

त्या दिवशी मात्र माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, "अहो, भातावरचं झाकण निघतं म्हणून कुणी त्याला वाईट झाकण म्हणतं का? हवं तेव्हा बसलं पाहिजे आणि हवं तेव्हा निघालं पाहिजे. तुम्हाला एक तर निघतच नाही असं येतं, नाहीतर बसतच नाही असं. दांड्या करता म्हणून दांडगाई कशाला करता? जमत नसेल तर सांगा जमत नाही म्हणून."

'जमत नाही' हा शब्द बरोबर लागला. हे तडक कामाच्या पाटाशी जाऊन बसले. बरेच दिवस घरात घासण्याचा आवाज येत राहिला. आणि मग एका सकाळी, मी सूप ढवळत असताना, हे मागे येऊन उभे राहिले. अंगठ्याने चौकटीच्या कोपऱ्यावर हलकेच दाबलं. दांडी सुळकन हातात आली. परत टेकवली, टक् करून बसली. मग ह्यांनी मला, शेगडीला आणि खिडकीतल्या मांजराला कमरेत वाकून नमस्कार केला. चष्मा जागचा हलला नाही.

"छान झालंय हो," मी म्हटलं. खरंच झालं होतं. ह्यांचे कान लाल झाले.

सामन्याच्या दिवशी व्यायामशाळा गच्च भरली होती. मी आणि र्योसाकू पहिल्या रांगेत. हे गुडघ्यांवर बसले, पंचा बांधला, चिमटा अडकवला, दांड्या काढल्या आणि र्योसाकूला डावलून माझ्या हातात दिल्या. "सांभाळ," म्हणाले. लग्नात अंगठीसुद्धा इतकी जपून दिली नव्हती. मग मुखवटा चढवला, दोऱ्या बांधल्या आणि मैदानात उतरले.

समोर हासेबे. उंच, रुंद, काळ्या चिलखतात. दोघे वाकले, उठले, तलवारी समोर धरल्या. हासेबेंनी आरोळी ठोकली आणि धावून आले.

आणि आमचे हे पळाले.

मी खोटं सांगत नाही. तलवार वर गेलेली पाहिली आणि हे "आई गं" म्हणून आडवे उडी मारून रेषेबाहेर! सगळी व्यायामशाळा अवाक् झाली. मला एका क्षणात कळलं. एवढी वर्षं लोक ज्याला संयम म्हणत होते, ते न दिसणं होतं. आज पहिल्यांदा ह्यांना दिसलं की समोरून काय येतं.

"बाहेर!" पंच म्हणाले. परत आत. हासेबे परत धावले, हे परत बाहेर. दोनदा रेषा ओलांडली की समोरच्याला एक गुण मिळतो. हासेबेंना गुण मिळाला, तोही ह्यांच्या अंगाला न शिवता.

ऊनोबाईंनी कपाळाला हात लावला. र्योसाकू पुटपुटला, "ताई, माझा चष्मा फारच स्वच्छ झाला का गं?" मी हातातल्या दांड्या आवळून धरल्या होत्या. देवा, हे कायमचे घरी बसले तर मुळ्यावरून बोलणी मीच खाणार, पण त्याहून म्हणजे, ह्यांना असं घरी न्यायचं नाही, असं मला वाटत होतं. मी उभी राहून ओरडले, "अहो, बघा तरी! पळायच्या आधी एकदा नीट बघा!"

तिसऱ्यांदा हासेबे आले तेव्हा हे हलले नाहीत. पाय रेषेच्या आत रोवलेले होते. जाळीला जाळी भिडेल इतके दोघे जवळ आले. ह्यांनी डोळे फाडून पाहिलं. मग शांतपणे एक पाऊल बाजूला सरकले आणि हासेबेंच्या डोक्यावर, दारावर टकटक करावी तसा, एक सुरेख वार ठेवला.

तिन्ही पंचांची निशाणं वर गेली. गुण! बरोबरी! र्योसाकूने मला मिठी मारली.

आणि तेवढ्यात हे हसायला लागले. साधं हसू नाही. पोट धरून, मुखवट्याच्या आतून घुमणारं, थांबतच नाही असं. केंदोत वार बसल्यावर आनंद दाखवला की गुण जातो. हरलेल्याचा मान राखायचा असतो. पंच एकत्र आले, कुजबुजले आणि निशाणं हलवून गुण रद्द केला. वेळ संपली. हे हरले.

मला रडूच आलं. वाढलेलं ताट असं कुणी लाथाडतं का?

दोघे बाजूला येऊन गुडघ्यांवर बसले, मुखवटे काढले. जिंकलेले हासेबे संतापाने लालबुंद झाले होते. "मुरानाका, माझ्यावर हसलात?"

ह्यांनी हात टेकून माथा जमिनीला लावला. "माफ करा. पण तुमचे डोळे गच्च मिटलेले होते हो."

हासेबेंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं. आज चष्मा आहे."

"म्हणजे ह्याआधी?"

"ह्याआधी काहीच दिसत नव्हतं. कधीच नाही."

हासेबे गुडघ्यांवरच पुढे सरकले. "अहो, तुम्ही पापणी न हलवता अंगावर यायचात! मी दिवसभर सुऱ्या हाताळणारा माणूस, पण तुमची ती नजर पाहून माझी गाळण उडायची. पहिल्या वर्षीच डोळे मिटले, ते आजवर. म्हटलं असू दे, दोघांपैकी एकाला तरी दिसतंय."

ऊनोबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे ओठ थरथरत होते, पण गणिताच्या बाई त्या, हसल्या नाहीत. "मुरानाकाकाका, ठरलं होतं ते ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही हरलात."

हासेबे मध्येच म्हणाले, "ह्यांना काढलंत तर मीही येणार नाही. दुसऱ्या कुणासमोर डोळे उघडायची माझी हिंमत नाही."

"आणि ह्यांच्यासमोर आहे?"

"ह्यांना तर माझ्याहून जास्त भीती वाटते! दोनदा पळाले, पाहिलंत ना?"

ऊनोबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. "काका, खरंच भीती वाटली?"

ज्याच्या घराण्याने तीन पिढ्यांत काही निघू दिलं नाही, तो माणूस आता काय थाप मारतोय, म्हणून मी कान टवकारले. ह्यांनी तो उघडा, दांड्या नसलेला चष्मा एका हाताने नाकावर दाबून धरला, सगळ्या व्यायामशाळेकडे एकदा नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वाटली. फार वाटली. तलवार केवढी मोठी असते हो!"

सगळी व्यायामशाळा हसली. हासेबेही हसले. ऊनोबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोघांनी यायचं, आणि डोळे उघडे ठेवून." आणि झटकन पाठ फिरवून निघून गेल्या. त्यांचे खांदे गदगदत होते.

मी दांड्या घेऊन पुढे गेले. ह्या माणसाचा संसार करताना 'मला कशाची भीती नाही' हे मी इतकं ऐकलं होतं की कान किटले होते. प्रत्यक्षात खुडबूड झाली की मीच रात्री दाराची कडी बघायला उठायची, भूकंप झाला की मीच ह्यांना उठवायची. आज दोन गावच्या लोकांसमोर हा माणूस म्हणाला की भीती वाटली. मला तो एवढा आवडला, एवढा आवडला, की लग्नाच्या दिवशीही नव्हता.

"घरी चला," मी म्हटलं. "आज रात्री कडी बघायला दोघं मिळून उठू."