यल्लव्वाच्या तांब्यातलं पाणी

"ओत! ओत पाणी!"

बेंगळूरमधल्या यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागच्या पटांगणात दोनशे माणसं ओरडत होती. मधोमध चौरंगावर बिंबस्वामी बसले होते. त्यांच्या हातात तळहाताएवढी, आरशासारखी चकाकणारी काळपट चकती. देवीनं स्वप्नात दिलेलं चंद्रबिंब म्हणे! पुण्यवानानं पाणी ओतलं तर देवी ते अंगभर लेते, पाप्यानं ओतलं तर झटकून टाकते. पुसा, साबणानं धुवा, कौल बदलत नाही.

हमालाची बायको यल्लव्वा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर होती. ओठ फाटलेला, डावा हात कोपराखाली मोडून लोंबणारा. शेजारच्या महांतेशचं चार वर्षांचं पोर परवा जुलाबांनी गेलं होतं आणि 'हिचीच नजर' असं स्वामींनी सांगितलं होतं. तिनं उजव्या हातानं तांब्या कलता केला. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळून गेले.

"थुंकली! आई हिच्यावर थुंकली!" स्वामी गरजले. "आई पाणी नाकारते तेव्हा रक्त मागते, भक्तहो!"

महांतेशची काठी यल्लव्वाच्या पाठीवर बसली. कुणी तिचे केस धरून ओढले, कुणी लाथ घातली.

गोंगाट ऐकून त्याच वस्तीत राहणारी अनुसूया धावत आली. तिचं घराणं दहा पिढ्या बेंगळूरचं. ती स्वतः चिप बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. ती चकती तिनं लगेच ओळखली. अशा पन्नास चकत्या ती रोज चिमट्यात धरायची.

ती गर्दीत घुसली. एक दगड तिच्या कपाळावर बसला. डोळ्यात उतरलेलं रक्त पदरानं पुसत ती यल्लव्वाच्या अंगावर आडवी पडली.

"महांतेशअण्णा, आधी मला मार! नाहीतर एकदा, फक्त एकदा, तू स्वतः पाणी ओत!"

"मी? मी तर बाप आहे त्याचा!"

"मग भितोस कशाला?"

काठी हवेत थांबली. स्वामी घाईनं चकती झोळीत घालू लागले. "अपवित्र बाईसमोर देवी बोलत नाही!" अनुसूयानं झडप घालून चकती हिसकावली आणि त्याच बाजूनं महांतेशपुढे धरली. त्यानं तांब्या कलता केला.

मोती. टपटप खाली.

महांतेशचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... मीच खाल्लं माझ्या पोराला?"

"नाही रे अण्णा! आता या अर्ध्यावर ओत."

तिनं चकती फिरवली. पाणी पसरलं आणि पातळ चादरीसारखं चिकटून राहिलं. त्याच माणसाचं, त्याच तांब्यातलं.

"ही देवी नव्हे, सिलिकॉन आहे," अनुसूया ओरडून म्हणाली. "वाळूतून काढतात. सिलेन नावाच्या रसायनाची वाफ दिली की ते याच्या कातडीला घट्ट जखडून बसतं आणि पाण्याला टेकू देत नाही. पुसलं, धुतलं तरी निघत नाही. लोखंडावर, ॲल्युमिनियमवरही हेच होतं. या स्वामीनं अर्ध्याच भागाला ते लावलंय. पापी कोण ते देवी ठरवत नाही, याचं मनगट ठरवतं!"

कुणीतरी झोळी उपडी केली. तपकिरी बाटली निघाली. बूच उघडताच पांढरा धूर उठला, नाक जाळणारा दर्प पसरला. स्वामी पूर्वी चिपच्याच एका कारखान्यात झाडू मारायचा, हे त्यानं पहिल्याच थपडेला कबूल केलं.

दुसरी थप्पड, तिसरी. मग काठ्या. स्वामीचे दात मातीत पडले.

"थांबा!" अनुसूया पुन्हा आडवी झाली. "मघाशी हिला मारलंत, आता याला. पोलीस बोलवा, रिक्षा आणा!"

महांतेश मटकन खाली बसला. "अक्का, पोराला काय झालं होतं मग?"

तिला खोटं बोलवेना. "जुलाबांनी अंगातलं पाणी संपलं. मीठसाखरेचं पाणी पाजत दवाखान्यात नेलं असतं तर बहुतेक वाचला असता. तीन दिवस तू या स्वामीपुढे बसवलंस त्याला."

त्याच्या तोंडून फुटलेला आवाज ऐकून माणसं मागे सरली.

यल्लव्वा वाचली, पण तिचा हात कायमचा वाकडा राहिला. महांतेश दर आठवड्याला तिच्या दारात जाऊन उभा राहायचा. तिनं दार कधी उघडलं नाही.

वाचकहो, चकती हिसकावण्याआधी कुणाला पुरावा मागणं सुचलं नाही, आणि काठी उचलायला मात्र कुणाला पुरावा लागला नाही. चमत्कार दिसला की नमस्कार करण्यापूर्वी विचारा: पुन्हा कर, माझ्या हातानं कर, दुसऱ्या बाजूनं कर. जो देव याला घाबरतो, तो देव नव्हे.