थर्माकोलचे दगड

सलाउद्दीन मनमाडचा, लग्नांच्या कॅसेटी काढणारा. कारगिलच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं, आणि तेही चेष्टेच्या सिनेमाचं! जवान शहीद झाला म्हणून गाव पुतळा उभारतं, अन् ऐन उद्घाटनाला जवान जिवंत परत येतो. आता पुतळ्याचं काय करायचं? मग गाव जवानालाच दगड मारून पळवतं. दगड अर्थात थर्माकोलचे, रंगवलेले, पोतंभर.

जवानाचं काम जवळच्याच एका गावातल्या भिकनला दिलं. तो खरा फौजी, लढाईत पाय मोडून घरी आलेला. गावानं त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती. बायकोला, दीपमालाला, मात्र खरं ठाऊक होतं. गोळे पडू लागले तेव्हा भिकन ट्रकखाली दडला होता आणि पळताना घसरून त्याचा पाय मोडला होता. हे कुठं बोलायचं नाही, अशी तिनं त्याला पोराची शपथ घातली होती.

शूटिंगला सगळं गाव लोटलं. गावकरी बनायला गावकरीच! दीपमाला पुढंच उभी होती. भिकननं सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता, त्यामुळे तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"ॲक्शन!" सलाउद्दीन ओरडला.

भिकन पुतळ्यापुढं आला. "अरे, मी भूत नाय! चहा तरी पाजा!" हा लिहून दिलेला संवाद. लोक खिदळले. पण भिकन थांबलाच नाही.

"मी शूर बी नाय. मी ट्रकखाली दडून रडत होतो. तुम्ही मला जीपमधी मिरवलं ना, तेव्हा बी रडूच येत होतं."

हसणं विरलं. त्या मिरवणुकीत सरपंच चिमाजीनं स्वतःच्या हातानं भिकनला फेटा बांधला होता. आता चिमाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला.

दीपमाला मुद्दाम मोठ्यानं हसली, टाळ्या पिटू लागली. "अगं बाई, काय ॲक्टिंग करतात आमचे हे! लय भारी!" दोघीचौघी बायका हसल्यासुद्धा. तिला वाटलं, निभावलं.

"ॲक्टिंग नाय, दीपे," भिकन म्हणाला. तो परत आल्यापासून त्याचा इतका मोकळा चेहरा तिनं पाहिला नव्हता.

"कट! कट! चला, चहा घ्या सगळे," सलाउद्दीन घाबराघुबरा होऊन म्हणाला.

कुणी हललं नाही. चिमाजीच्या हातात दगड होता. त्याच्या मागच्यांच्याही हातात होते. दीपमालानं वळून पाहिलं. थर्माकोलचं पोतं सलाउद्दीनच्या पायाशी होतं, आणि पोत्याचं तोंड अजून बांधलेलंच होतं.

ती नवऱ्याकडे धावली.