मेणाचा होकार

दातांच्या सगळ्या दवाखान्यांत त्याला कवळीवाला म्हणत. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवत, हा घरच्या पुढच्या खोलीत बसून त्यावर दात बसवून द्यायचा. आतापर्यंत हजारेक माणसांना त्याने चावायला लावलं असेल, पण त्यांतल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलं नव्हतं. त्याला ते सोयीचं होतं. माणसं समोर आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

रोज सकाळी साडेदहाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून फोन यायचा. तिथे चिठ्ठ्या फाडणारी, रोग्यांना नंबर लावणारी बाई बोलायची. "काय हो कारागीर, जागे आहात ना? खालची कवळी, रंग तीन नंबर. आजोबा म्हणतात, मागच्या वेळी फार पांढरी झाली, बायको हसते." तो म्हणायचा, "बरं, मॅडम." सहा वर्षं असंच चाललं होतं. त्याने तिला दोनदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरी.

सोमवारी ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंतच आहे हं मी. आईकडे चाललेय, कायमची. चारची गाडी आहे." तो म्हणाला, "बरं, मॅडम."

ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, जेवताना हे ऐकलं आणि हातातला घास खाली ठेवला. "एक्कावन्न वर्षांचा घोडा झालास. तिला थांबा म्हणायला काय मुहूर्त लागतो?"

"ती नाही म्हणाली तर?"

"तर काय, दात पडणारेत तुझे?"

तो जेवत राहिला. खरं तर गेली कित्येक वर्षं त्याला फारसं काही वाटतच नव्हतं. सकाळ व्हायची, प्लास्टर कालवायचं, संध्याकाळ व्हायची. दिवसातली फोनवरची ती दीड मिनिटं तेवढी वेगळी असायची. मॅडम गेल्या की उरलेला दिवस कसा काढायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

मंगळवारी दुपारी सैतान आला. तपकिरी कोट, बगलेत फाईल, विमा विकणाऱ्यासारखा अवतार. रुमालात गुंडाळलेली स्वतःची कवळी त्याने टेबलावर ठेवली. मधोमध तडकली होती.

"हशण्याचा धंदा आमचा," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "हशल्याशिवाय कुणी शही करत नाही."

कवळीवाल्याने अर्ध्या तासात ती सांधून दिली. सैतानाने ती घातली, दोनदा दात वाजवून पाहिले आणि आपण कोण आहोत ते सांगितलं. कवळीवाल्याला आश्चर्य वाटायला हवं होतं. त्याने हात धुतले आणि विचारलं, "मग?"

"मग तुमचा आत्मा द्या. त्या बाई थांबतील. शुक्रवारी स्वतः फोन करून होकार देतील."

"आत्मा काय, घेऊन जा. मला तर तो कुठे असतो तेही माहीत नाही."

सैतानाचा चेहरा पडला. इतक्या लवकर कुणी हो म्हणालं की त्याला माल खराब असल्याची शंका यायची. तरी त्याने फाईल उघडून कागद पुढे सरकवला. कवळीवाल्याने पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"आधी मेणात दाखवा."

"म्हणजे?"

"आमच्यात एकदम पक्कं करत नाहीत. आधी मेणात दात लावायचे, तोंडात घालून बघायचं. उंच वाटलं, टोचलं, तर मेण वितळवून परत. बसलं की मग पक्कं."

"असं आजवर कुणी मागितलं नाही हो."

"म्हणूनच तक्रारी येत असतील."

सैतान ओशाळला. तक्रारी येत होत्या. त्याने कबूल केलं: फोनवर तिच्या आवाजात होकार ऐकवायचा, पटला नाही तर पुसायचा. तिला यातलं काही कळणार नाही. पटला तर सही.

पहिला फोन बुधवारी सकाळी आला. "कारागीर, मी थांबते. तुम्ही म्हणाल तसं." तो म्हणाला, माझ्या घरी ताई असते. "चालेल." मी फार बोलत नाही. "चालेल." मी घोरतो. "चालेल." त्याने फोन ठेवला. "फार गुळगुळीत आहे," तो सैतानाला म्हणाला. "जीभ ठेवायला जागाच नाही."

दुपारी दुसरा आला. त्यात ती प्रत्येक गोष्टीला आडवं बोलली, पण यादी वाचून दाखवल्यासारखी. "उंच झालं," तो म्हणाला. "जबडा मिटत नाही."

गुरुवारी तिसरा आला. त्यात ती रडली. सहा वर्षं तुमच्या एका शब्दाची वाट बघत होते, म्हणाली. सैतान भिंतीला टेकून स्वतःचेच डोळे पुसत होता. कवळीवाला शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याला काही वाटलं नाही. "रंग जुळत नाही," तो म्हणाला.

"अहो, चुकतंय कुठे ते तरी सांगा!"

"ते सांगता येत नाही. तोंडात गेलं की कळतं."

"उद्या अकरा वाजता चौथा. शेवटचा. मलाही वर जाब द्यावा लागतो." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे खाली."

शुक्रवारी पावणेअकराला फोन वाजला. कवळीवाला प्लास्टर कालवत होता. हा लवकर आला, असं मनात म्हणत त्याने ओल्या हातानेच फोन घेतला.

"कारागीर? आज जरा उशीर झाला. इथे गर्दी आहे... आजी, भांड्यात थुंका, खाली नको! हं. वरची कवळी, रंग दोन." मग ती थांबली. मागे दात कोरण्याच्या यंत्राची घरघर चालू होती. "आज शेवटचाच फोन. म्हणजे, ते तुम्हाला माहीतच आहे. मी काय म्हणत होते... आईकडे आत्ताच जायला हवं असं काही नाही. म्हणजे, जायचंच आहे. पण तुम्हाला काही... काही म्हणायचंय का?"

घरघर छान जमलीय, असं त्याला वाटलं. आजींचंही काम बारीक झालंय. पण शेवटी घोळ होताच.

"इतकं अडखळणं नको," तो म्हणाला. "मॅडम अशा अडखळत नाहीत. बाकी काम चांगलं आहे, पण ती वाटत नाही. हे राहू दे, दुसरं करून आणा."

पलीकडे घरघर थांबली.

"काय म्हणालात?"

"दुसरं करा."

"बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला.

बरोबर अकराला सैतान धापा टाकत आत आला. "आलो, आलो. चौथा असा बनवलाय की..." त्याने कवळीवाल्याकडे पाहिलं, मग फोनवर उमटलेल्या प्लास्टरच्या बोटांच्या ठशांकडे. "कोण होतं?"

कवळीवाला खुर्चीवर बसला. त्याने सगळं सांगितलं. सैतानाने डोकं धरलं.

"अहो मग लावा की परत फोन!"

सहा वर्षांत त्याने कधी तिकडे फोन लावला नव्हता. नंबर भिंतीवर लिहिलेला होता, तो त्याने एकेक आकडा बघून फिरवला.

"मॅडम, मघाशी ते मी तुम्हाला नव्हतो म्हणालो."

"मग कुणाला?"

त्याने सैतानाकडे पाहिलं. सैतान हात हलवून नको नको म्हणत होता.

"तुमच्यासारखीच एक दुसरी होती," कवळीवाला म्हणाला.

पलीकडे चिठ्ठी फाडल्याचा आवाज आला.

"अच्छा," ती म्हणाली. "मग तिलाच सांगा." शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला, आणि फोन आपटल्याचा आवाज आला.

सैतानाने घाईघाईने कागद काढला. "करा सही. दोन्ही फोन पुसतो. तिला आठवणारसुद्धा नाही. साडेअकराला ती परत फोन करेल, अडखळत, जशीच्या तशी."

कवळीवाल्याने पेन हातात घेतलं. "तो आवाज फाटला ना आत्ता," तो म्हणाला. "तसा तुम्हाला जमला असता?"

सैतान धंद्यात खोटारडा असला तरी कारागिरीत नव्हता. त्याने विचार केला. "नाही," तो म्हणाला. "तसा नसता जमला."

"पुसलात तर जाईल?"

"जाईल."

"मग राहू द्या."

"अहो, पण ती चारला जाईल! स्टेशनवर तरी जा. चालत वीस मिनिटं. हे मी सांगतोय, मी!"

"जाऊन काय सांगू?"

सैतानाने कागद फाईलमध्ये घातला. मग फाईल बगलेत मारून तो निघून गेला.

भांड्यातलं प्लास्टर दगड झालं होतं. कवळीवाल्याने ते ठोकून फोडलं आणि नवीन कालवलं. काहीतरी वाटेल म्हणून तो मधेच थांबत होता. दुपारी छातीत थोडं दुखल्यासारखं झालं, पण ते वाकून बसल्यामुळेही असेल. चार वाजता तो वरची कवळी, रंग दोन, लावत होता. आठला त्याने हात धुतले. ताई दारात उभी होती.

"सांगितलंस का तिला?"

"बोललो," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाली?"

"रागावली."

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने त्याचं ताट वाढलं.