लिफ्ट नसलेलं शहर

नवा खेळ कुठला घ्यायचा, यात सलग तिसरा रविवार खर्ची पडत होता. आधीचा, राजवाड्यांचा आणि राक्षसांचा, दोन वर्षं चालून संपला होता. आता सगळ्यांना सायबरपंक हवं होतं: पुढच्या काळातलं शहर, यंत्रं महाग आणि माणसं स्वस्त. टेबलाभोवती बसायचं, एकेकानं एकेक पात्र घ्यायचं, बोलून खेळायचं आणि अडलं की फासे टाकायचे. पण नियमांचं पुस्तक कुठलं आणि शहर कसलं, इथंच घोडं अडलं होतं.

खेळ चालवायची वहिनी. पाणीपुरवठा खात्यात ती नळांचे नकाशे काढायची, त्यामुळे नसलेल्या शहरांचे नकाशे काढणं तिच्या हातचा मळ होता. सगळेच तिला वहिनी म्हणायचे, कारण तिचा दीर म्हणायचा. दीर एका कंपनीत लिफ्टदुरुस्तीला होता आणि त्याच्या खिशात सदा एक छोटा पाना असायचा, म्हणून त्याचं नाव पान्या. उरलेले दोघे म्हणजे दातांची डॉक्टरीण आणि एका कॉलेजातला ग्रंथपाल.

"हे घ्यायचं," ग्रंथपालानं विटेएवढं जाड पुस्तक टेबलावर आपटलं. "यात प्रत्येक यांत्रिक हातापायाचा तक्ता आहे. एक अवयव बसवला की माणुसकीचे गुण कमी होतात."

"आणि एक गोळी झाडायला पाऊण तास लागतो," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या हातात चाळीस पानांचं पातळ पुस्तक होतं. "यात दोन फासे, संपलं. आणि शहर म्हणजे एकच टॉवर. दोनशे मजले. खाली गरीब, वर मालक, मधे लिफ्ट. लिफ्ट कंपनीच्या ताब्यात, म्हणजे जीव कंपनीच्या मुठीत."

वहिनी हसली. तिनं नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या वाटल्या. नवा खेळ सुरू करण्याआधी प्रत्येकानं लिहून द्यायचं, की खेळात काय मुळीच यायला नको. का, ते विचारायचं नाही, असा नियमच होता.

पहिल्या चिठ्ठीवर होतं, कुत्रा मरायला नको. दुसरीवर, दात उपटणं नको, आठवडाभर तेच करते. तिसरीवर एकच शब्द होता: लिफ्ट.

"अरे, मग टॉवरमध्ये काय दोरीला लोंबकळायचं?" डॉक्टरीण म्हणाली. "पान्या, तूच ना रे? सुट्टीच्या दिवशी कामाची आठवण नको, हो की नाही? बाकी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बघायला ये एकदा. हल्ली थांबताना उचकी देते. परवा दार उघडलं आणि वीतभर वर सरकली. पेशंट म्हणतात, खुर्चीत बसायच्या आधीच तोंड उघडतं."

ग्रंथपाल खो खो हसला. वहिनीनं दिराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "पाणी घेऊन येतो," म्हणत तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, पण बंद झाल्याचा येईना.

वहिनी आत गेली. भांडं भरून वाहत होतं आणि तो नुसता उभा होता.

"काय झालं, भावजी?"

"काही नाही."

"माझ्याशी खोटं बोलू नका. तिची लिफ्ट तुमच्याकडेच आहे ना?"

त्यानं नळ बंद केला. "ब्रेक गेलाय, वहिनी. पार घासलाय. पेटी भरलेली असली की कळत नाही. हलकी असली, एकदोन माणसं असली, की पलीकडचं वजन तिला वर ओढतं. दार उघडं असताना."

"मग बंद का नाही केलीत?"

"लिहिलं होतं मी तसं. साहेब म्हणाले, भाग पुढच्या महिन्यात येतोय, तोवर 'ठीक' लिही. माझ्या आधीच्या माणसानं नाही लिहिलं, तर आज त्याला या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही. आम्ही कुठं जातो, किती वेळ थांबतो, सगळं फोनवरून त्यांना दिसतं. मशीनच्या खोलीचं कुलूपसुद्धा फोननं उघडतं, नावाची नोंद होते." त्यानं भांड्यातलं पाणी ओतून टाकलं. "मी सही केली. तीन आठवडे झाले. रोज सकाळी आधी बातम्या बघतो."

वहिनीनं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर डॉक्टरीण पर्स शोधत होती. रविवारी पाचला तिचा दवाखाना उघडायचा, अकराव्या मजल्यावर. साडेचार होत आले होते.

"बाहेर चला आणि हे तिला सांगा."

"वहिनी, माझ्याच्यानं नाही होणार."

"तुम्ही नाही, तर मी सांगते."

सांगितलं त्यानंच, टेबलाकडे बघत, चार वाक्यांत. डॉक्टरिणीनं तडक पर्स उघडली. तिनं दवाखान्यात फोन लावला. तिकडची मदतनीस म्हणाली, दोन पेशंट येऊन बसलेत, एक आजी-आजोबा लवकर आले म्हणून खाली फिरायला गेलेत, येतीलच वर. "कोणालाही लिफ्टनं सोडू नकोस," डॉक्टरीण ओरडली. मग तिनं खालच्या पहारेकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, कंपनीचा माणूस समोर आल्याशिवाय लिफ्ट बंद करायची मला परवानगी नाही, मॅडम.

इमारत पायी दहा मिनिटांवर होती. ते पळतच निघाले. ग्रंथपालाला पळवेना, तो मागं राहिला. वाटेत पान्या दोनदा थांबला, एकदा धाप लागली म्हणून आणि एकदा खिशातला फोन वाजला म्हणून. स्क्रीनवर साहेबांचं नाव होतं. सुट्टीच्या दिवशी तो त्या इमारतीकडे का निघालाय, हे त्यांना आत्ताच कळलं होतं की तो नुसता योगायोग होता, कोणास ठाऊक. त्यानं फोन वाजू दिला.

खालच्या दालनात लिफ्टपाशी कोणी नव्हतं. दारावरचा आकडा हलत होता. नऊ. आठ.

"कोण आहे आत?" वहिनीनं विचारलं.

"ते म्हातारं जोडपं," पहारेकरी म्हणाला. "मगाशीच वर गेले. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचा फोन आला होता, लिफ्ट वापरू नका म्हणून. ते ऐकून घाबरून परत खाली निघाले असतील."

"लिफ्टनंच?" डॉक्टरीण म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारला.

पान्या जिन्याकडे धावला होता. बारा मजले, वर गच्ची, गच्चीवर मशीनची खोली. त्याच्या बुटांचे आवाज ऐकू येत गेले, मग विरले. डॉक्टरीण त्याच्या मागून गेली, पण तिसऱ्या मजल्यावर धाप लागून ती पायरीवरच बसली. लिफ्टचा आकडा पाचावर बराच वेळ अडकून राहिला, मग पुन्हा हलला.

चार. तीन. दोन. वहिनी दारासमोर उभी होती. लिफ्ट तळाला आली, एक हिसका बसला आणि दार उघडलं. आतून आजी बाहेर आल्या. त्यांच्या मागं आजोबा, हातात काठी. त्यांनी काठी बाहेर टेकवली, आणि लिफ्टचा तळ हलला.

तो हलला ते इतक्या सावकाश, की वहिनीला आधी वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. लिफ्ट वर निघाली होती, दार सताड उघडं ठेवून. आजोबांचा एक पाय पुढं आलेला.

"मागं व्हा!" ती किंचाळली. "आजोबा, पाय आत घ्या! काठी सोडा!"

काठी खाली पडली. आजोबा धडपडून आत बसले. आजी त्यांना धरायला पुढं झाल्या, तशी वहिनीनं त्यांना कमरेला मिठी मारून मागं ओढलं. "सोड मला, अगं ते आतच आहेत!" आजी तिच्या हातांवर बुक्क्या मारत होत्या. लिफ्टचा तळ गुडघ्यापर्यंत आला, मग मांडीपर्यंत. त्याखाली काळी पोकळी दिसू लागली आणि तिथून थंड, तेलकट वारा आला. आजोबांनी पाय आत ओढले होते, पण एक पंजा तसाच राहिला होता. पंजा कडेवर होता.

"हात आत घ्या, आजोबा. छातीशी धरा."

पंजा आत गेला. तळ कमरेपर्यंत आला आणि थबकला. आतला पंखा बंद पडला, दिवाही गेला. लिफ्ट तशीच थरथरत राहिली, कोणीतरी दातओठ खाऊन धरून ठेवल्यासारखी.

खरोखरच कोणीतरी धरून ठेवली होती. वर पान्यानं स्वतःच्या नावानं कुलूप उघडलं होतं, मेन स्विच पाडला होता आणि मोटरचं हातचाक दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. पुढं त्यानं वहिनीला सांगितलं, की चाक तळव्यांतून निसटत होतं आणि खाली काय झालंय ते त्याला दिसत नव्हतं. दाराच्या फटीत कोणी आहे का, हेही ठाऊक नव्हतं. चाक उलटं फिरवलं तर लिफ्ट खाली येईल, पण मधे एखाद्याचा पाय असला तर? चाक सोडून जिन्यापाशी जाऊन ओरडताही येईना.

खालून वहिनी बेंबीच्या देठापासून ओरडली, "मधे कोणी नाही! खाली घ्या!" तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरिणीनं ते ऐकलं आणि वर ओरडली. पाचव्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून काय झालं म्हणून बघत होतं, त्यानं पुढं ओरडलं. शब्द असे मजल्यामजल्यानं चढत गच्चीवर पोचले.

तळ बोटाबोटानं खाली येऊ लागला. पाच मिनिटं लागली असतील. फरशी फरशीला लागली तेव्हा आजोबांना उठताच येईना. वहिनीनं आणि पहारेकऱ्यानं त्यांना बसल्या जागेवरून ओढून काढलं. ते रडत नव्हते, फक्त माझी काठी, माझी काठी म्हणत होते.

पान्या खाली आला तेव्हा त्याच्या तळव्यांची साल निघाली होती. डॉक्टरीण पायरीवर वाटेतच उभी होती.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन रविवार तू माझ्यासमोर बसून शहरं निवडत होतास. आणि दर वेळी मी तिथून इथं परत येत होते." तो काही बोलणार होता. "नको," ती म्हणाली आणि निघून गेली.

सोमवारी कंपनीनं त्याला कामावरून काढलं. कारण दिलं, परवानगीशिवाय यंत्रात हात घातला. बुधवारी सरकारी निरीक्षक आला. त्यानं ती 'ठीक' लिहिलेली पावती समोर ठेवली आणि विचारलं, "जबरदस्ती झाली होती का?"

"साहेबांनी सांगितलं होतं. पण हात कोणी धरला नव्हता," पान्या म्हणाला. "भ्यालो म्हणून सही केली."

निरीक्षकानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढं काय होणार, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. घरासमोर एखादी गाडी थांबली की पान्या पडद्याआडून बघायचा. घास तोंडात तसाच राहायचा. वहिनी म्हणायची, "जेवा आधी, भावजी." तिलाही जेवण जात नसे. दार सरकल्याचा बारीकसा आवाज आला तरी तिला ती काळी पोकळी दिसायची.

दोन रविवार डॉक्टरीण आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, खुर्ची ओढून पान्यापासून लांब बसली आणि म्हणाली, "जाड पुस्तक घ्या. मला तक्ते चालतील."

"आणि शहर?" वहिनीनं विचारलं.

"बंदर. बसकी घरं, एकमजली. टॉवर नको मला."

ग्रंथपालाचा आनंद गगनात मावेना. तो तक्ते समजावू लागला. वहिनीनं कोरा कागद पसरून किनाऱ्याची रेघ ओढली. तेवढ्यात पान्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. त्यानं तो तिथंच, सगळ्यांसमोर घेतला. "हो... हो, मीच. येतो."

"सुनावणी आहे," तो म्हणाला. "सतरा तारखेला."

"किती वाजता?" डॉक्टरिणीनं विचारलं. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"अकराला."

"मलाही त्याच वेळेला बोलावलंय. मी येणार आहे."

ती काय सांगणार होती, त्याच्या बाजूचं की विरुद्ध, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायचं त्याला धाडस झालं नाही. त्यानं मान हलवली आणि ग्रंथपालानं पुढं सरकवलेला तक्ता वाचू लागला. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत होता.