रुमेनची सही

२०१७ सालची गोष्ट. सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही अंगणात लाल मिरच्या भाजत होतो आणि फ्रान्समधल्या ब्रेस्टहून माझ्या बहिणीचा, सोआझिगचा, फोन आला. बाबांच्या यकृतातली गाठ पसरली होती. डॉक्टर म्हणत होते, फार तर महिना.

"रोज विचारतात, एलित्सा कधी येणार म्हणून," सोआझिग म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

एलित्सा, माझी आठ वर्षांची मुलगी, आजीशेजारी स्टुलावर बसून भाजलेल्या मिरच्या सोलत होती. कोपरापर्यंत लाल झाली होती. मी बहिणीला सांगितलं, आठवड्याभरात घेऊन येते. सांगून बसले, आणि मग आठवलं की हे माझ्या हातात नाही.

तेव्हा मला बल्गेरियातल्या गाब्रोव्होत येऊन अकरा वर्षं झाली होती. रुमेन शिकायला फ्रान्समध्ये, नांतला होता, तिथे आमचं जमलं. त्याचे वडील आजारी पडले म्हणून दोन वर्षांसाठी इथे आलो. ते गेले, सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून राहिलो. पुढे आमचं दोघांचं पटेनासं झालं. भांडी फुटावीत असं काही नाही, एकमेकांशी बोलायचंच कमी होत गेलं. शेवटी तो खालच्या मजल्यावर, त्याच्या लहानपणीच्या खोलीत झोपायला लागला. वर मी आणि एलित्सा. स्वयंपाकघर एकच. घर त्याचं, त्यामुळे तो जाणार नाही. आणि मुलगी सोडून मी जाणार नाही. मी गावातल्या शाळेत फ्रेंच शिकवायचे. घरी एलित्साशी फ्रेंच बोलायचे, ती उत्तर बल्गेरियनमध्ये द्यायची.

मुलाला देशाबाहेर न्यायचं तर दुसऱ्या पालकाची नोटरीसमोर सही लागते. आधीच्या दोन उन्हाळ्यांत रुमेनने ती काही न बोलता केली होती. पण त्या जूनमध्ये एका भांडणात माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "एकदा पोरीला घेऊन गेले ना, की परत तोंड दाखवणार नाही." तो तेव्हा काहीच बोलला नव्हता. त्यावरूनच मी समजायला हवं होतं.

फोन ठेवून मी त्याच्याजवळ गेले. तो मिरच्या उलटत होता.

"बाबांचं जास्त झालंय. आठ दिवस एलित्साला घेऊन जाते."

"तू जा. तिची शाळा सुरू होतेय."

"आठ दिवस बुडली तर काय बिघडतं? मग तूही चल आमच्याबरोबर."

"तुझ्या बहिणीच्या घरी? आपलं हे असं असताना कुठल्या तोंडाने येऊ?" त्याने मान वर केली नाही. "आणि तू परत येशील कशावरून?"

सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "रुमेन, बाप मरतोय तिचा."

"आई, तू मिरच्या बघ. जळतायत."

सोमवारी मी वकिलाकडे गेले. कोर्टातून परवानगी मिळेल, पण चार-पाच महिने धरून चाला, तो म्हणाला. बाबांकडे तेवढे दिवस नव्हते.

इकडे सासूबाईंनी दोन दिवस लेकाला सळो की पळो करून सोडलं. त्याच्या वडिलांच्या आजारपणात मी काय काय केलं, ते त्या त्याला जेवताना, दाढी करताना, गाडी धुताना ऐकवत राहिल्या. बुधवारी सकाळी तो वर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अकरा वाजता नोटरीकडे ये."

नोटरीबाईंनी कागद मोठ्याने वाचला. जायची तारीख वीस, यायची अठ्ठावीस. मग कागद त्याच्यासमोर सरकवला. रुमेनने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आर्मेल, एकच विचारतो. परत येणार ना?"

'हो' म्हणायला काय लागतं? पण एलित्साचा हिवाळी कोट आणि लसींचं पुस्तक मी आदल्या दिवशीच बॅगेच्या तळाशी घातलं होतं. सप्टेंबरच्या आठ दिवसांना कोट कशाला लागतो? सोआझिगने तिच्या घराजवळच्या शाळेत चौकशी करून ठेवली होती. नुसतं विचारून ठेव, असं मीच तिला म्हटलं होतं. आणि समोर हा माणूस माझ्याकडे असं बघत होता, जसं कित्येक वर्षांत त्याने बघितलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

नोटरीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रुमेनने पेनाला टोपण लावलं, पेन कागदावर आडवं ठेवलं आणि उठला.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. त्याचे डोळे ओले होते.

"तू खोटं बोलणार हे धरूनच आलो होतो," तो म्हणाला. "आणि सही करणार होतो. 'हो' म्हणायचं होतंस. आता कशी करू, सांग?"

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, एक शब्द! दोन दिवस घसा कोरडा केला मी, आणि तुला एक शब्द बोलता आला नाही?" संध्याकाळी मात्र माझी बॅग भरायला वर आल्या. तळाशी ठेवलेला छोटा कोट त्यांनी बाहेर काढला, घडी घातली आणि एलित्साच्या कपाटात ठेवून दिला.

मी एकटीच गेले. बाबा खूप वाळले होते, पण शुद्धीत होते. फोनवर एलित्सा त्यांना दिसली, तिने तिचा हलणारा दात दाखवला. बाबा हसले. फोन बंद झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू थांब ना इथे. मी असेपर्यंत."

"बाबा, ती तिकडे आहे."

"तिला बाप आहे, आजी आहे. मला कोण आहे?"

सोआझिग खिडकीशी उभी होती. गेली दोन वर्षं बाबांचं सगळं तीच करत होती. ती खोलीबाहेर निघून गेली. बाबांची बोटं मी एकेक करून सोडवली, कारण त्यांनी ती स्वतःहून सोडली नाहीत.

अठ्ठावीसला मी परतले. गाब्रोव्होच्या बसस्टँडवर दोघं आले होते. एलित्सा दात पडल्याची हकीकत सांगत पुढे पळाली. रुमेनने माझी बॅग उचलली.

"येशील असं वाटलं होतं," तो म्हणाला.

"ती इथे असताना मी कुठे जाणार होते?"

"तेच तर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. उलट त्याला स्वतःचीच लाज वाटत असावी, कारण बॅग घेऊन तो माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागला.

बाबा ऑक्टोबरच्या सातला गेले. सोआझिगने पुढे वर्षभर माझा फोन घेतला नाही.

एलित्सा आता सोळाची आहे. दोन वर्षांनी तिला कोणाचीच सही लागणार नाही. परवा मी तिच्या शर्टाला इस्त्री करत होते, तेव्हा ती म्हणाली, "मी सोफियाला शिकायला जाणार. मी गेल्यावर तू जाशील का तुमच्या फ्रान्सला?"

तुमच्या, म्हणाली. ब्रेस्टमध्ये सोआझिगखेरीज मला ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही. स्वप्नंसुद्धा मला हल्ली इथल्याच भाषेत पडतात.

"बघू," मी म्हटलं आणि शर्टाची दुसरी बाही इस्त्रीखाली घेतली.