मागच्या सीटवर कोणी नव्हतं

विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. दोनशे माणसं, ट्रॉली ढकलणाऱ्या ताया आणि खिडकीपाशी कोण बसणार यावरून भांडणं. मित्रांनो, मी त्यातला नव्हे. मी चार माणसांचं, नाकावर एकच पंखा असलेलं जुनं विमान आहे. माझ्यात चढायचं तर पंखाखालून वाकून यावं लागतं. जे उंच लोक ताठ मानेनं आले त्यांच्या कपाळावरची टेंगळं बघा, म्हणजे मी खोटं बोलत नाही हे कळेल. आमच्या फ्लाइंग क्लबात सगळे मला म्हातारबा म्हणतात. नाव ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं, पण आता तेच अंगवळणी पडलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्र्यावर पत्रा ठेवून माणसांनी मला हजारो रिव्हेट ठोकले. माझ्या शेपटीचं काम करणाऱ्या बाईंना सातवा महिना होता. दर थोड्या वेळानं त्या पाठ सरळ करायच्या आणि मला टेकून घटकाभर बसायच्या. पुढे कित्येक लोक माझ्यात बसले, पण टेकून बसणाऱ्या त्या पहिल्या.

मग मी क्लबात आलो आणि शिकाऊ मंडळींच्या तावडीत सापडलो. त्यांनी मला जमिनीवर किती वेळा आपटलं याची गणतीच नाही. तरी एक गोष्ट कबूल करतो. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेला प्रत्येक जण उतरल्यावर माझ्या नाकावरून हात फिरवायचा, आणि तेवढ्यासाठी मी सगळे धक्के विसरायचो. पुढे क्लबात काट्यांच्या तबकड्यांऐवजी टीव्हीसारखे पडदे असलेली नवी विमानं आली. मला हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या कोपऱ्यात ढकललं गेलं. कोणीतरी माझ्या पंख्यावर ओला रेनकोट वाळत घातला आणि तो तीन महिने तिथेच राहिला. मला फार वाईट वाटलं. शेवटी माझ्यावरच उडायला शिकलेले कॅप्टन काका लष्करातून निवृत्त होऊन आले, त्यांनी तो रेनकोट भिरकावून दिला आणि क्लबच्या मिस्त्रींना हाक मारली. दोघांनी मिळून मला पुन्हा उडतं केलं.

कॅप्टन काकांनीच क्लबात एक खास दिवस सुरू केला. ज्यांचे आई किंवा वडील लष्करात असताना गेले, अशा मुलांना वर्षातून एकदा क्लबात बोलवायचं आणि आकाशात फिरवून आणायचं. आजूबाजूच्या क्लबांतले वैमानिक आपापली विमानं घेऊन आपखुशीनं येत. मुलांच्या बसगाड्या यायच्या, नावांचे बिल्ले लागायचे, आणि कुणाला कुठलं विमान यावरून मोठ्यांचाच जास्त गोंधळ व्हायचा.

एका वर्षी या दिवशी आमच्या हातून जे घडलं, ते वैमानिकांशिवाय इतरांच्या हातून कधीच घडलं नसतं. लष्करी वैमानिकांची एक रीत आहे. सोबती गेला की चार विमानं अगदी जवळजवळ उडत येतात. मैदानावर आली की त्यातलं एक एकदम वर उठतं, रांग सोडतं आणि दिसेनासं होतं. उरलेली तीन त्याची जागा रिकामी ठेवून तशीच पुढे जातात. वैमानिकांच्या मते याहून मोठा मान नाही. तेव्हा त्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं की या मुलांच्या गेलेल्या आई-वडिलांनाही हाच मान द्यायचा. त्यातले बहुतेक पायदळातले होते आणि विमान त्यांनी खालूनच पाहिलं असेल, पण उत्साहाच्या भरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रांग सोडून जाण्याचं काम माझ्याकडे आलं. मी फुशारून गेलो होतो, उगाच लपवत नाही.

आम्ही चौघं आलो. मैदानावर येताच कॅप्टन काकांनी मला वर खेचलं आणि आम्ही टेकडीपलीकडे निघून गेलो. खाली क्लबच्या सेक्रेटरी बाई माईकवर होत्या. त्या म्हणाल्या, "मुलांनो, ते वर निघालेलं विमान बघा. ते तुमच्या बाबांचं विमान आहे."

हे मला नंतर मिस्त्रींच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा आम्ही टेकडीला वळसा घातला आणि दहा मिनिटांनी नेहमीसारखे खाली उतरलो.

माझा पंखा अजून फिरत होता, तेवढ्यात मुलांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून एक सहा वर्षांची मुलगी सुसाट धावत सुटली. एका जागी ठरत नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. मिस्त्रींनी तिला काखेत उचललं आणि पंखा थांबेपर्यंत सोडलंच नाही. ती लाथा झाडत होती. सुटली तशी थेट माझ्या दाराशी आली. कॅप्टन काका उतरत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या बगलेतून तिनं मागच्या सीटवर पाहिलं. मग चाकावर पाय देऊन वर चढली आणि सीटखाली फडकी असतात तिथेही वाकून पाहिलं.

"बाबा कुठंयत?" तिनं विचारलं.

"कुणाचे बाबा?" काकांना काही कळेना.

"माझे! बाई म्हणाल्या ना, हे त्यांचं विमान आहे. मी बघितलं जाताना. आता आलं ना परत?"

तोवर तिची आई धापा टाकत पोहोचली. दोन वर्षं ती माउली लेकीला एकच सांगत आली होती, की बाबा लांब ड्यूटीवर आहेत; आजही नुसतं विमानात बसायला जाऊ म्हणून तिनं तिला आणलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन वर्षं गेली होती. तिनं काकांकडे अशा नजरेनं पाहिलं की, काहीतरी बोला आणि वेळ मारून न्या.

मित्रांनो, मला खरोखर धास्ती वाटली. हे काका थापा मारण्यात पटाईत. ढगात कोण कोण भेटलं याच्या गोष्टी ते मोठमोठ्यांना गळी उतरवतात. बाबा आत्ताच उतरले, घाईत होते, असं त्यांनी म्हटलं असतं तर ती पोर ते धरून आणखी किती वर्षं वाट बघत बसली असती कोण जाणे.

काका गवतावर गुडघे टेकून बसले. "नाहीत गं बाळा," ते म्हणाले. "आत मी एकटाच होतो. आम्ही तुला भलतंच सांगितलं. चूक आमची आहे."

भिंगरी आईकडे वळली. "मग ड्यूटीवरून कधी येणारेत?"

आई तिथेच माझ्या पंखाखाली बसली आणि तिनं लेकीला जवळ ओढलं. "येणार नाहीत, राणी. ते वारले. तेव्हाच वारले. मला सांगायला जमलंच नाही गं."

त्यानंतर ती मुलगी जे रडली, ते मला आजही ऐकू येतं. आधी तिनं आईला मारलं, मग मला मारलं, मग आईच्याच कुशीत शिरली. माझ्या रेडिओवर सेक्रेटरी बाईंचा आवाज आला, "म्हातारबा, पुढची मुलं पाठवू का?" काका म्हणाले, "नको. त्यांना दुसऱ्या विमानांतून न्या. आम्ही इथेच आहोत." आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

काकांना अशा वेळी एकच गोष्ट येत होती, ती त्यांनी केली. उड्डाणाआधीच्या तपासणीचा कागद काढला आणि माझ्याभोवती हळूहळू फिरायला लागले. चाक दाबून पाहिलं. शेपटी हलवून पाहिली. दुसऱ्या फेरीला भिंगरी हुंदके देत त्यांच्या मागे होती. त्यांनी माझ्या पंखातून पारदर्शक पेल्यात थोडं निळं इंधन काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"यात पाणी असलं तर तळाशी बसतं. मग उडता येत नाही. आहे का बघ."

तिनं नाक पुसलं आणि पेला उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. "नाहीये."

"नक्की? तुझ्या शब्दावर उडणार आहे मी."

"नक्की." मग म्हणाली, "मला वर जाऊन बघायचंय. खरंच कोणी नाही का ते."

आम्ही वर गेलो. ती पुढे गादीवर गादी रचून बसली होती, आई मागे. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान दुखेस्तोवर वर पाहिलं.

"इथे पण नाहीयेत," ती म्हणाली.

"नाहीत," काका म्हणाले.

मग काच नाकानं दाबून खाली बघत तिनं विचारलं, "आमची शाळा कुठंय?" काकांनी मला लगेच वळवलं आणि शाळा सापडेपर्यंत आम्ही गावावर तीन घिरट्या घातल्या. मागे आई रडत होती आणि मधेच हसतही होती.

त्या संध्याकाळी क्लबात चांगलीच वादावादी झाली. रीत ती रीत, ती कशी मोडायची, असं काही जण म्हणाले. काका म्हणाले, "रीत आपल्यासाठी आहे. आपण ती आपल्यात पाळू, या लेकरांसमोर नको." काकांच्या बाजूनं सेक्रेटरी बाईंनी सगळ्यात आधी हात वर केला. तेव्हापासून त्या दिवशी चार विमानं येतात आणि मुलांसमोर चारहीच्या चारही उतरतात.

आता माझं इंजिन काढलं आहे. मी फाटकापाशी उभा असतो आणि आपली पाळी येईपर्यंत मुलं माझ्यात बसून कळा दाबतात. मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर रेनकोट वाळत घालू नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे त्या मुलाला बनवू नका. त्याला खरं सांगा, आणि सांगून झालं की घाईनं उठून जाऊ नका.

भिंगरी आता अठरा वर्षांची आहे. दर वर्षी ती फाटकावर बिल्ले लावायला येते. यंदा एका चिमुरड्यानं बिल्ला लावून घेता घेता तिला विचारलं, "तुझे बाबा पण येणार नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही," ती म्हणाली. हातातले बिल्ले बाजूला ठेवून ती माझ्या चाकाशी खाली बसली आणि तिनं त्याच्यासाठी शेजारी जागा केली.